मुक्काम आमच्या हक्काचा

कंडक्टरकी केली म्हटलं की समोरचा माणूस हमखास दोन गोष्टी विचारतो. दिवसभर उभं राहून पाय दुखत नाहीत का, आणि फुकटा प्रवासी ओळखायचा कसा? पाय दुखतात. फुकटा माणूस खिडकीबाहेर जरा जास्तच प्रेमानं बघत असतो. झालं, दोन्ही उत्तरं दिली, आता मला जे सांगायचंय ते सांगतो.

या अंकाच्या संपादकबाईंनी निरोप धाडला, ‘तुमच्या नोकरीतल्या संघर्षावर लिहा.’ संघर्ष म्हणजे नव्वदच्या दशकात आमच्या डेपोपुरता झालेला संप. तोच लिहितो. पण आधीच सांगून ठेवतो, त्यातला निम्मा संप डेपोच्या गेटवर झाला आणि निम्मा आमच्या स्वयंपाकघरात. गेटवरचा सोपा होता.

बाहेरच्या माणसाला वाटतं, एसटी ड्रायव्हर चालवतो. ड्रायव्हर गाडी चालवतो. एसटी चालते ती ड्युटीच्या तक्त्यावर. कोण कुठल्या गाडीवर, किती वाजता, कुणाच्या जोडीला, हे सगळं त्या फळ्यावर लागतं, आणि ड्युटी लावणारा कारकून म्हणजे आमच्या लेखी मॅनेजरपेक्षा मोठा माणूस. त्याला सगळ्यांची घरं ठाऊक. अमक्याच्या उसाला गुरुवारी पाणी, त्याला बुधवारची रात्र गावाकडं द्यायची. तमक्याची सासुरवाडी उंब्रजला आणि सासऱ्याशी बोलणं बंद, त्याला त्या रस्त्यावर टाकायचं नाही. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं, पण डेपो त्याच्यावर सुखात चालला होता.

त्या फळ्यावर माझी आणि सुभेदाराची जोडी बरीच वर्षं एकाच गाडीवर होती. सुभेदार म्हणजे माझा ड्रायव्हर हणमंतराव. पलटणीतून नाईक म्हणून निवृत्त झाला होता, पण त्याच्या मिशा नाईकाच्या हुद्द्यात मावत नव्हत्या, म्हणून डेपोनं त्याला परस्पर सुभेदार केला. घरचा ऊस, घरच्या म्हशी, तरी हा गाडीवर यायचा. का, तर म्हणे, ‘घर में बैठके आदमी सड जाता है.’ समोर म्हैस आली तरी तिला हिंदीत दटावायचा.

आमची गाडी मुक्कामाची. खेड्यातले लोक तिला वस्तीची गाडी म्हणतात. संध्याकाळी डेपोतून निघायचं, विटा मागं टाकून आटपाडीच्या बाजूला माळामाळानं जायचं, दिवेलागणीला बोरखडीत पोचायचं. गाडी तिथंच उभी करायची, आम्ही तिथंच झोपायचं आणि पहाटे दुधाच्या किटल्या, शाळेची पोरं, दवाखान्याची म्हातारी माणसं घेऊन परत यायचं. एक दिवस मुक्काम, एक दिवस घरी.

या गाडीवर काय काय भेटलं म्हणून सांगू! एक बाबा बोकड घेऊन चढायचे आणि मी तिकिटाचं काढलं की म्हणायचे, “त्यो माझ्या मांडीवर बसनार हाय की!” बोकड वासराएवढा. विट्याकडचे गलाईवाले, म्हणजे सोनं गाळायच्या दुकानातून कुठल्या कुठल्या मुलखातून सुट्टीवर आलेले गडी, चढताना माझ्याशी टेचात हिंदी बोलायचे आणि गावाची शीव आली की “आलं गड्या आमचं गाव” म्हणून डोळे पुसायचे. एक मास्तर रोज शेवटच्या क्षणाला धावत यायचे. एकदा चुकून वेळेवर आले, तर गाडी चुकली समजून परत घरी गेले.

पण बोरखडीचं आणि माझं नातं सुरुवातीला असं हसतखेळत नव्हतं. आमचं घर बौद्ध. पहिल्या मुक्कामाला गावातल्या एकानं माझं आडनाव विचारलं, मी सांगितलं. सुभेदाराला घरात जेवायला बोलावणं आलं आणि माझी भाकरी आली गाडीपाशी. सुभेदारानं ताटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि निरोप आणणाऱ्याला म्हणाला, “मेरा भी यहीं लाव.” मग दोघं गाडीच्या पायरीवर बसून जेवलो. दुसऱ्या मुक्कामाला तसंच. तिसऱ्यालाही तसंच. शेवटी जिच्या दारासमोर गाडी उभी राहायची ती तानूबाई बाहेर आली. तिचं तोंड म्हणजे पट्टा. सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “त्या मानसाच्या हातनं तिकीट घेता, औषदं आनाया सांगता, आन भाकरी वाढाया हात झडत्यात व्हय रं तुमचं? चला वो भाऊ, चुलीम्होरं बसा.” त्या दिवसापासून मी तिच्या चुलीपुढं जेवलो, आणि हळूहळू बाकीची दारंही उघडली. पुढंपुढं तर पोरीला स्थळ आलं तरी ‘कंडक्टरसायबाला इचारू’ म्हणायचे. मला त्याचा अभिमान होता. का नसावा? तो मान मला कुणी फुकट दिला नव्हता.

अशात आमच्याकडं नवे मॅनेजर आले. तरुण होते, स्वभावानं वाईट नव्हते, पण अंगात उत्साह फार. त्यांनी आठवडाभर फळ्याकडं बघितलं आणि एका सोमवारी नवा तक्ता लावला. सगळ्या मुक्कामाच्या गाड्या बंद. गाडी संध्याकाळीच फिरवून डेपोत आणायची. सकाळची पहिली गाडी डेपोतून सोडायची, म्हणजे बोरखडीला ती उन्हं वर आल्यावर पोचणार. आणि प्रत्येकाची ड्युटी दोन तुकड्यांत. सकाळी एक तुकडा, संध्याकाळी दुसरा, मधली दुपार आपली आपण बघायची. आता गाव लांब असलेल्या माणसानं ती दुपार काढायची कुठं? आमच्या विश्रांतीच्या खोलीत ढेकणांची वस्ती आमच्याही आधीची होती.

फळ्यापुढं ही गर्दी! ज्याच्या उसाला गुरुवारी पाणी तो तर तिथंच खाली बसला. सुभेदारानं तक्ता वरून खालपर्यंत वाचला आणि मिशीवरून हात फिरवला. “ये आर्डर नहीं है,” तो म्हणाला, “ये हमला है.” दुपारपर्यंत संपाचं ठरलं. कंडक्टरचा आवाज मोठा म्हणून घोषणा द्यायचं काम माझ्याकडं आलं. मीही तावातावानं हो म्हणालो आणि घरी गेलो.

घरी शेवयांची खीर केलेली. आमच्याकडं सणावाराशिवाय खीर व्हायची नाही. डेपोजवळच दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. मी, माझी बायको शालन आणि दोन मुली. मी विचारलं, “आज खीर कशाबद्दल?”

“आवं, तुमाला म्हाईत न्हाई व्हय?” शालनचा चेहरा असा उजळलेला मी लय दिवसांत बघितला नव्हता. “मुक्काम बंद झाला म्हनं. शेजारच्या यमुनावैनी सांगत हुत्या. आता रोज रातच्याला घरी! धाकटी तर इचारत हुती, आता बाबा आपल्याकडं मुक्कामाला येनार का?”

दुपारीच संपासाठी मी सगळ्यांच्या आधी हात वर केला होता. तिला सांगावं तर कसं? मी खीर खाल्ली. दोन वाट्या खाल्ल्या. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी गेटसमोर मांडव पडला. एकही चाक हललं नाही. बंदोबस्ताला एक पोलीस आला होता, पण त्याची बायको माहेरी असल्यानं तो आमच्यातच जेवायचा. मी कट्ट्यावर चढलो आणि ‘पुढं सरका’ म्हणायच्या आवाजात घोषणा दिली, “मुक्काम आमच्या हक्काचा!” खालून सगळे ओरडले, “न्हाई कुनाच्या बापाचा!” मला चेव चढला. पुन्हा दिली. पुन्हा दिली. चौथ्यांदा हात वर केला तर समोर शालन. हातात माझा डबा.

तिनं काही तमाशा केला नाही. डबा सुभेदाराच्या हातात दिला, माझ्या नाही, आणि पदर सावरून निघून गेली. सुभेदार हळूच म्हणाला, “भाऊ, इधर का छोडो. उधर का मोर्चा सम्हालो.”

संध्याकाळी घरी गेलो. ती भाकरी थापत होती. माझ्याकडं न बघताच म्हणाली, “मुक्काम तुमच्या हक्काचा. आन आमी? आमी काय इनंती थांबा हाय व्हय? कुनी हात केला तर थांबायचं, न्हाई तर सरळ म्होरं?”

आता एवढी वर्षं मी किती तऱ्हेच्या प्रवाशांना गप्प केलं होतं, तोच डाव इथंही टाकला. मी म्हणालो, “आगं, तुकड्याची ड्युटी लय वाईट असती. बाकीच्यांची दुपार...”

“बाकीच्यांचं मला सांगू नगा. माझी ड्युटी तर निस्ती तुकड्यांचीच हाय. पहाटं नळाचं पानी, मग पोरींची शाळा, मग दळान. ती केली ना मी? आन एक रात आड दाराला आतनं खुर्ची लावून निजते, ते कुठल्या तक्त्यात लावलंया?” मग तिनं थापटणं थांबवलं आणि सरळ विचारलं, “तिथं एवढं हाय तरी काय?”

मी म्हणालो, “काय न्हाई.”

नवऱ्यांनी लक्षात ठेवावं, ह्याच्याइतकं वाईट उत्तर दुसरं नाही. ‘काही नाही’ म्हणजे बायकोला वाटतं, सांगण्यासारखं नाही. मला तानूबाईच्या चुलीचं, त्या पायरीवरच्या भाकरीचं सगळं सांगता आलं असतं. पण घरी मला बोलता यायचंच नाही. घरी आलो की तिकिटांची पेटी ठेवायची, जेवायचं, आडवं व्हायचं. दिवसभर बोलून घसा संपलेला असायचा, असं मी स्वतःलाही सांगत होतो.

त्या दिवसापासून घरात ‘नियमानुसार काम’ सुरू झालं. युनियनवाल्यांना ते हत्यार माहीत आहे. काम बंद करायचं नाही, पण नियमापेक्षा काडीइतकंही जास्त करायचं नाही. चहा वेळेवर, भाकरी वेळेवर, पण शब्द एकही नाही. मीठ मागितलं की मीठ. लोणचं हवंय हे आपण सांगायचं, ती ओळखणार नाही. मुलींकरवी निरोप. “तुझ्या बाबाला सांग, पानी तापलंय.” मी तिच्यापासून दोन हातांवर. मांडवात मी शेर होतो, घरी माझी शेळी झाली. रात्री पाठ करून झोपलेली शालन बघितली की मी उठून दाराची कडी तपासून यायचो. ही मनातून निघून गेली तर काय करायचं, हा विचार मला संपभर सोडून गेला नाही. खरं सांगतो, मॅनेजर निलंबित करतील याचीही मला एवढी भीती वाटली नव्हती.

संप मिटवला तो गावांनी. तीन-चार दिवस गाड्या आल्या नाहीत तेव्हा मुक्कामाच्या गावांना कळलं की पुढं कायमचंच असं होणार आहे. मग एकेका गावचे टेंपो आमच्या गेटवर येऊन थांबायला लागले. बोरखडीचा टेंपो आला तो घोषणा देतच. त्यात सरपंच, दूधवाले आणि सगळ्यांच्या पुढं तानूबाई, संपवाल्यांसाठी बाजरीच्या भाकरी आणि मिरचीचा खरडा घेऊन. ती थेट मॅनेजरांच्या खोलीत शिरली. “सायेब, दूध काय तुमच्या गाडीची वाट बघत थांबतंय व्हय? नासतंय ते. आन पोरींनी शाळेला दुपारी जायाचं व्हय?”

मॅनेजर गडबडले. बिचारे खरोखरच म्हणाले, “अहो, मग हे मला आधी कुणी सांगितलं का नाही?”

सुभेदार दारात सावधान उभा होता. “साब,” तो म्हणाला, “आपने पूछा कब?”

साहेबांनी वर फोन केले. दुसऱ्या दिवशी नवा तक्ता फळ्यावरून उतरला. तुकडे गेले, मुक्काम आले. मॅनेजरांनी मांडवात येऊन आमच्याबरोबर भाकरी खाल्ली आणि खरड्यानं डोळ्यांत पाणी आलं तरी कबूल केलं नाही. माणूस चांगला निघाला. गुलाल उधळला, मला खांद्यावर घेतलं. मी तसाच लालेलाल होऊन घरी गेलो. शालननं मला खालीवर बघितलं आणि त्या भांडणानंतर पहिल्यांदा स्वतःहून बोलली.

“मुक्कामाची पयली गाडी कवा?”

“उद्या.”

“मी येनार हाय.”

दुसऱ्या दिवशी ती दोन्ही पोरींना घेऊन स्टँडवर हजर. कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात पिशवी. बायकांच्या राखीव बाकावर बसली. मी तिकिटं कापत तिच्यापर्यंत आलो आणि पुढं सरकायला लागलो तर म्हणाली, “तिकीट द्या. एक फुल, दोन हाफ. बोरखडी.”

“आगं, तुला कशाला...”

“द्या. कुनी म्हनाया नगं, कंडक्टरनं बायकू फुकट न्हेली.”

गाडीतले लोक खुसूखुसू हसायला लागले. मी चिमटा मारला तो तिकिटाला लागायच्या ऐवजी माझ्या बोटाला लागला. सुभेदारानं आरशातून सगळं बघितलं आणि त्या दिवशी गाडी अशी चालवली की जणू मागं अंडी भरलीत. मी मात्र घंटी मारायचं विसरत होतो. एका थांब्यावर कुणीच उतरणार नसताना गाडी थांबवली. तिला तिथं काय दिसेल, काय वाटेल, ती काय ठरवून निघालीय, डोक्यात दुसरं काही येतच नव्हतं.

बोरखडीला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. गाडी थांबली तशा तानूबाई आणि चार-पाच बाया नेहमीसारख्या पुढं आल्या. माझ्या मागून शालन उतरली. मी ओळख करून द्यायला तोंड उघडलं, पण तानूबाईनं ते तिथंच मिटवलं.

“शालनवैनी ना ह्या? बाई बाई बाई! या की! दाढ दुखायची राह्यली का?”

शालन उभी राहिली ती उभीच.

दुसरी म्हणाली, “वैनी, तुमी सायकल शिकलाय म्हनं. गुडगा फुटला तरी कुनाला सांगितलं न्हाई, पट्टी बांधून सैपाक केला. आमी लय हसलो, आन लय कौतुक बी केलं.”

“आन त्या दिशी दारात माकाड आलं तवा तुमी हातात पोळपाट घिऊन गेला न्हवं?”

“शेंगदान्याची आमटी तुमच्या हातासारखी कुनालाच जमत न्हाई म्हनत्यात. माझ्या हातची खात्यात आन तुमच्या आमटीचं सांगत्यात. मला राग यायचा!”

एक पोरगी धाकटीला कडेवर घेऊन म्हणाली, “ही झोपेत बोलती ती व्हय?”

मला वाटलं, जमीन दुभंगावी. माझं ते सगळं भांडार बाया एकेक करून बाहेर काढत होत्या. संध्याकाळी चुलीपुढं बसलं की गप्पा निघायच्या. गावचं सगळं त्यांचं त्या सांगायच्या, मी काय सांगणार? माझ्याकडं सांगायला होतं ते घरचंच. वर्षानुवर्षं सांगत आलो होतो. तानूबाई शालनचा हात धरून म्हणाली, “आमी म्हनायचो, एवढी गुनाची बाई घरात ठिऊन ह्यो मानूस हितं आमच्यात काय करतो?”

शालन सगळ्यांशी हसून बोलली. तानूबाईच्या चुलीपुढं बसून तिनं आमटीसुद्धा केली. मी आणि सुभेदार ओट्यावर. ‘अब भगवान मालिक,’ तो म्हणाला. जेवणं झाल्यावर ती हात पुसत बाहेर आली, माझ्यापाशी उभी राहिली. डोळे भरलेले होते.

“माझा गुडगा फुटल्यालं तुमाला कवा कळलं?”

“पट्टी दिसली की लुगड्याखालनं. थोरलीनं बाकीचं सांगितलं.”

“मला तर तुमी काय इचारलं न्हाई.”

“तुला काय इचारायचं? तुझं तुला म्हाईतच हाय की.”

“माझं मला म्हाईत हाय,” ती म्हणाली. “तुमाला म्हाईत हाय, ह्ये मला म्हाईत न्हवतं.”

सुभेदार एवढा पलटणीत गोळ्या झेलून आलेला माणूस, पण उठून गाडीचे टायर तपासायला निघून गेला.

परत आल्यावर मी ड्युटी लावणाऱ्या कारकुनाकडं गेलो आणि मला मुक्कामावरून काढा म्हणालो. तो चष्मा काढून माझ्याकडं बघतच राहिला. “अहो, तुम्हीच ना कट्ट्यावर चढून ओरडत होता?” ज्याचं घरी नुकतंच कडाक्याचं भांडण झालं होतं असा एक कंडक्टर माझ्या बदल्यात उड्या मारत तयार झाला. डेपोत माझी बरीच थट्टा झाली. संप जिंकून मैदान सोडणारा पुढारी म्हणायचे. सुभेदार आठवडाभर माझ्याशी बोलला नाही, मग नव्या कंडक्टरची तक्रार करायला माझ्याकडंच आला. बोरखडीला मी नंतर पाहुणा म्हणून गेलो, घरच्यांना घेऊन, लग्नांना, जत्रेला. तरी संध्याकाळची ती गाडी स्टँडवरून निघताना दिसली की जीव तुटायचा, ते खोटं सांगत नाही.

मुक्काम सुटला त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी घरी आलो. पेटी ठेवली, हातपाय धुतले. शालन भाकरी थापत होती. मुली अभ्यासाला बसलेल्या. मी चुलीपुढं पाट ओढून बसलो. भाकरी तव्यावर पडली, उलटली, फुगली. भरल्या गाडीत शंभर माणसांशी बोलणारा मी, एका माणसाशी काय बोलू ते सुचेना.

मग मी डोळे चुलीवर ठेवले आणि तानूबाईला सांगायचो तसंच सुरू केलं, “आमच्या घरात एक बाई हाय. लय तापट. पर सायकलवर बसली की अशी दिसती...”

शालनचा हात पिठात थांबला. मान वर न करता ती म्हणाली, “मग?”